परदेशातून शिकायला येणाऱ्या आरोग्य-शिक्षकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा बदलावा?

रुजवण

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी आरोग्य-शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला शिकवते. आमच्याकडे येणारे विद्यार्थी स्वतः शिक्षक असतात. कुणी नर्सिंगच्या शाळेत शिकवतं, कुणी वैद्यकीय महाविद्यालयात, कुणी सुईणींना किंवा गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांना तयार करतं. वर्गातले निम्म्याहून जास्त लोक दुसऱ्या देशांतून आलेले असतात. अभ्यासक्रम मात्र आखला गेला तेव्हा आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त आपल्या देशातली महाविद्यालयं होती. यंदा त्याची फेररचना करायची आहे आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. इथे शिकवणारे बरेच जण आहेत, बाहेरदेशी जाऊन शिकलेलेही आहेत, म्हणून हा धागा.

हा प्रश्न माझ्या डोक्यात कुठून आला ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी एका नर्सिंग शाळेतली शिक्षिका आमच्याकडे होती. परीक्षापद्धतींच्या असाइनमेंटमध्ये तिने ऑस्की आखली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ऑस्कीत विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटांत एक काम करून दाखवतो. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९७५ मध्ये मांडली आणि आज ती जगभर चालते. तिने बारा टेबलं आखली होती, प्रत्येकाला पाच मिनिटं, प्रत्येक टेबलावर एक परीक्षक, तपासणी-याद्या नीट बांधलेल्या. मी तिला वर्गातले सगळ्यात जास्त गुण दिले.

निकाल लागल्यावर ती कॉरिडॉरमध्ये थांबली होती. म्हणाली, "मॅडम, माझ्या वर्गात दीडशे मुली आहेत आणि शिकवायला आम्ही चौघी." मी तिथेच तिच्या कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. दीडशे मुली, प्रत्येकीची बारा टेबलं, प्रत्येकी पाच मिनिटं: परीक्षकांचे एकूण दीडशे तास. चौघींत वाटले तर प्रत्येकीचे साडेसदतीस. म्हणजे जवळपास आठवडाभर शाळा बंद ठेवून फक्त परीक्षाच घ्यायची. मी ज्या कागदाला पैकीच्या पैकी गुण दिले होते, तो तिच्या शाळेत वापरताच येणार नव्हता. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण असाइनमेंटच्या प्रश्नात "तुमच्या शाळेत" हे दोन शब्द नव्हते, म्हणून तिने ते लिहिलं नाही.

मग आम्ही दोघींनी बसून पुन्हा आखणी केली. बारापैकी आठ टेबलांवर परीक्षकाची गरजच नव्हती. तापाचा तक्ता वाचणं, औषधाच्या मात्रेचं गणित, उपकरण ओळखणं, हे सगळं सभागृहात एकत्र बसून कागदावर उतरवता येतं. (मूळ पद्धतीतही काही टेबलं करून दाखवायची आणि काही उत्तरं लिहायची होती, हे आपण विसरून गेलो आहोत.) करून दाखवायची चार टेबलं उरली. दीडशे मुली, चार टेबलं, पाच मिनिटं: पन्नास तास, चौघींत साडेबारा. दोन दिवसांचं काम. तिने परत गेल्यावर ते केलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. अशा विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम सोपा करायचा नसतो, त्यांच्या कामाची जागा त्यात आणायची असते. भाषेचा जादा तास, विमानतळावरून आणायला गाडी, स्वागताचा कार्यक्रम या गोष्टी हव्यातच. पण एवढं केलं की अभ्यासक्रम जुळवून घेतला असं विद्यापीठं समजतात, आणि ती फसगत आहे.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः कुठे अडलं ते.

अनुस्वार

धागा काढल्याबद्दल मनापासून धन्यवाद, ताई. मी दुसऱ्या बाजूचा. दोन वर्षं परदेशात राहून हीच पदवी घेतली, आता परत येऊन शिकवतो.

माझं पहिलं सत्र कसं गेलं ते सांगतो. एका शोधनिबंधाचं टीकात्मक परीक्षण करा, असं काम मिळालं. निबंध त्या विषयातल्या फार मोठ्या माणसाचा होता. मी तीन दिवस खपून त्याचा सुंदर सारांश केला आणि शेवटी लिहिलं की हे संशोधन अत्यंत उपयुक्त आहे. जेमतेम पास झालो. शेरा होता, "तुमचं स्वतःचं मत कुठे आहे?" मला खरोखर कळेना. ज्यांच्याकडून शिकायला आलो त्यांच्या चुका काढायच्या? आमच्याकडे टीका म्हणजे अपमान. "नमुना लहान आहे, म्हणून हा निष्कर्ष एवढ्यावर ताणता येत नाही" असं वाक्य लिहिणं हा अपमान नाही, हे मला कुणीतरी उघड सांगायला हवं होतं.

शेवटी एका शिक्षिकेने सांगितलं. तिने एकाच निबंधाची दोन परीक्षणं समोर ठेवली, एक साधारण आणि एक चांगलं, आणि पेन्सिलने दाखवत गेली: इथे लेखकाचा दावा, इथे त्याचा पुरावा, आणि इथे दोन्हींच्या मधली फट. वीस मिनिटांत मला जे समजलं ते सत्रभराच्या सूचनापत्रकांतून समजलं नव्हतं.

उसनवारीचंही तसंच. ग्रंथातलं वाक्य जसंच्या तसं उतरवणं हा आम्हाला त्या ग्रंथाचा मान वाटायचा. उतरवलेला मजकूर पकडणाऱ्या सॉफ्टवेअरने लाल रंगात टक्केवारी काढली आणि मला शिस्तभंगाची नोटीस आली. पहिल्या महिन्यात गुण नसलेलं एखादं लेखन करून घेतलं असतं, तर तो अपमान टळला असता.

वाटसरू

विषय महत्त्वाचा आहे, पण माझी एक शंका आहे आणि ती स्पष्टच मांडतो. पदवी एकच आहे ना? मग एकाला चार टेबलांची परीक्षा आखून चालते आणि दुसऱ्याला बारा टेबलांची आखावी लागते, यात समानता कुठे राहिली? उद्या या पदवीवर दुसऱ्या देशात नोकरी मागताना त्याच विद्यार्थ्याला ऐकावं लागेल की तुझी पदवी जरा हलकी. मी परीक्षा मंडळावर काम केलं आहे. सवलत एकदा दिली की ती नियम होते.

रुजवण

वाटसरू, शंका रास्त आहे आणि ती आमच्या बैठकीतही आली होती. पण चार टेबलांची आखणी बारा टेबलांपेक्षा अवघड आहे, सोपी नाही. बारापैकी कोणती कौशल्यं माणसाने डोळ्यांनी पाहूनच तपासायची आणि कोणती कागदावर तपासली तरी चालतात, हे ठरवायला विषयाची समज जास्त लागते. तिने ते ठरवलं आणि प्रत्येक निवडीमागचं कारण लिहिलं. माझ्या लेखी ती असाइनमेंट पहिल्यापेक्षा वरच्या दर्जाची होती.

उद्दिष्ट सगळ्यांसाठी एकच राहतं: विद्यार्थी आपल्या संस्थेसाठी वैध आणि विश्वासार्ह परीक्षा आखू शकेल. बदलतो तो पुरावा. वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला, क्षमतेच्या चार पायऱ्यांचा पिरॅमिड आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकवतो. तळाशी "माहीत आहे", त्यावर "कसं करायचं हे माहीत आहे", मग "करून दाखवतो" आणि टोकाला "प्रत्यक्ष कामात करतो". आणि हे शिकवून आम्ही काय करतो, तर दोन वर्षं निबंध लिहून घेतो. म्हणजे आमचीच परीक्षा खालून दुसऱ्या पायरीवर अडकलेली. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेसाठी आखून घेतलं की निदान वरच्या पायऱ्यांकडे सरकता येतं.

अजून एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. परिचारिकेने काय करायचं आणि काय करायचं नाही, याचे कायदे देशादेशांत वेगळे आहेत. एका ठिकाणी ती टाके घालते, काही औषधंही स्वतः लिहून देते. दुसरीकडे तीच गोष्ट तिने केली तर नोकरी जाईल. आमच्या सगळ्या वर्ग-उदाहरणांत परिचारिका "डॉक्टरांना कळवते" आणि उदाहरण तिथेच संपतं. ज्या शाळेच्या विद्यार्थिनी पुढे अशा केंद्रावर काम करणार जिथे कळवायला डॉक्टरच नाही, तिथल्या शिक्षिकेला या उदाहरणातून काय मिळणार? म्हणून आता केस, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचं रुग्णाचं उदाहरण, आम्ही लिहीत नाही. विद्यार्थ्यांकडून मागवतो.

पिंपळपान

गटचर्चेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. समस्याधारित शिक्षणाचे गट मी सात वर्षं चालवले. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये ही पद्धत सुरू झाली. आठ-दहा जणांचा गट, समोर एक केस, शिक्षक जवळजवळ गप्प, विद्यार्थीच प्रश्न काढतात आणि उत्तरं शोधून आणतात. पद्धत चांगली आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण आमच्याकडे "सहभाग" या नावाखाली दहा टक्के गुण होते आणि ते बोलण्यावर मिळायचे.

माझ्या गटात एक बाई होत्या. पूर्ण सत्र त्या गप्प. मी त्यांना दहापैकी तीन दिले. शेवटच्या आठवड्यात त्यांची वही सहज हाती आली, तर प्रत्येक केसवर आमच्या गटाने काढले त्याहून चांगले प्रश्न त्यात लिहिलेले. विचारलं तेव्हा कळलं की गटात त्यांच्याच देशाचे, त्यांच्याच खात्यातले, दोन हुद्दे वरचे एक डॉक्टर होते. ते बोलून झाल्याशिवाय त्या बोलणार नव्हत्या, आणि ते बोलले की त्यांच्याहून वेगळं बोलणार नव्हत्या. परत जाऊन त्यांना त्याच माणसाच्या हाताखाली काम करायचं होतं. त्या तीन गुणांचा सल मला आजही आहे.

त्यानंतर मी दोन बदल केले. एका संस्थेतले वरिष्ठ आणि कनिष्ठ एका गटात ठेवायचे नाहीत. आणि कुठल्याही चर्चेआधी तीन मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून लिहायचं, मग ओळीने एकेकाने वाचायचं, मग चर्चा. जे आधीपासून भरपूर बोलत होते त्यांचंही बोलणं यामुळे सुधारलं.

अनुस्वार

पिंपळपान, वाचून गलबलून आलं. मीही असाच गप्प बसायचो.

पण एक विनंती, फेररचना करणाऱ्या सगळ्यांना. परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तुकडी काढू नका. आमच्या वेळी तसा प्रस्ताव आला होता आणि आम्हीच विरोध केला. वेगळं बसवलं की आम्ही आमच्याच अडचणी एकमेकांना सांगत राहणार आणि तिथल्या शिक्षकांना आमच्या वॉर्डात काय चालतं ते कधीच कळणार नाही. माझ्या वर्गातली एक स्थानिक मैत्रीण अतिदक्षता विभागात शिकवायची. मी सांगितलं की आमच्याकडे एका खाटेभोवती पंचवीस विद्यार्थी उभे राहतात आणि मागच्यांना रुग्ण दिसतही नाही. तिने मला विचारलं, "मग मागचे पंधरा जण त्या वेळात काय करतात?" मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नावर माझा प्रबंध झाला. मागच्या विद्यार्थ्यांना आधीच वेगवेगळी कामं वाटून द्यायची: कुणी नोंदी तपासायच्या, कुणी नातेवाइकांशी बोलायचं, कुणी औषधांचा तक्ता पाहायचा, आणि मग सगळ्यांनी व्हरांड्यात येऊन ते जोडायचं.

दीपकळी

मी दूरशिक्षणाच्या बाजूने लिहिते. हल्ली बरेच शिक्षक नोकरी सोडून दोन वर्षं येऊ शकत नाहीत, विशेषतः लहान मुलं असलेल्या बाया. ऑनलाइन अभ्यासक्रमात माणूस आपल्या शाळेतच असतो, त्यामुळे आज शिकलं ते उद्या वर्गात करून बघता येतं. रुजवणताई म्हणतात ती "कामाची जागा" आपोआप आत येते.

फक्त तंत्राचा विचार त्यांच्या बाजूने करायला हवा. आमच्याकडे प्रत्येक पाठाचा तासाभराचा व्हिडिओ होता. एक विद्यार्थी तो रात्री दोन वाजता उतरवून घ्यायचा, कारण त्या वेळी नेट थोडं बरं चालायचं आणि वीज असायची. आता आम्ही प्रत्येक पाठाचा मजकूर आणि फक्त आवाजाची फाइल वेगळी देतो, फोनवर उतरवून ठेवता येईल एवढी लहान. थेट तास पंधरवड्यातून एकदा, तोही आलटून पालटून दोन वेळांना, म्हणजे दर वेळी एकाच खंडातल्या लोकांना पहाटे उठावं लागत नाही. आणि असाइनमेंटच्या तारखा ठरवण्याआधी प्रत्येकाला विचारतो की तुमच्या शाळेच्या परीक्षा कधी आहेत. या एका प्रश्नामुळे मधेच सोडून जाणारे बरेच कमी झाले.

तळटीप

थोडा इतिहास जोडतो, कारण आपण हे पहिल्यांदा करत नाही. आरोग्य क्षेत्रात शिकवणाऱ्यांना शिकवण्याचं शास्त्र शिकवावं, असा प्रयत्न जागतिक आरोग्य संघटनेने १९७० च्या आसपास जगभर सुरू केला. आधी शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात मोठं केंद्र, मग सिडनी, श्रीलंकेतलं पेरादेनिया अशी प्रादेशिक केंद्रं, आणि त्यांतून तयार झालेल्यांनी आपापल्या देशात राष्ट्रीय केंद्रं उभारायची अशी ती साखळी होती. कल्पनेचा गाभा चांगला होता: शिकणारा परत जाऊन शिकवणारा होईल. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या घोषणेनंतर प्राथमिक आरोग्यसेवेवर भर आला, तेव्हा प्रश्न उभा राहिला की मोठ्या रुग्णालयात शिकलेला शिक्षक गावातल्या केंद्रासाठी माणसं कशी तयार करणार. हा धागा त्याच प्रश्नावर आहे असं मला वाटतं.

गरज किती असमान आहे हेही बघा. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१० च्या अहवालात नोंदवलं होतं की चीन, भारत, ब्राझील आणि अमेरिका या चार देशांत प्रत्येकी दीडशेहून अधिक वैद्यकीय महाविद्यालयं होती, तर ३६ देशांत एकही नव्हतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या २६ देशांत एक किंवा शून्य. अशा देशातून एक शिक्षक दोन वर्षांसाठी उचलून आणला, तर मागे त्याचा वर्ग कोण घेतं?

आणि तो परत गेलाच नाही तर? त्याच २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने (संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने) आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीबद्दल आचारसंहिता स्वीकारली. ती ऐच्छिक आहे. तिचा रोख असा की ज्या देशांत कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई आहे तिथून माणसं ओढून घेऊ नयेत. विद्यापीठ भरती करत नाही, हे मान्य. पण दोन वर्षं फक्त इथल्या रुग्णालयाची उदाहरणं शिकवली, इथलीच यंत्रं हाताळायला दिली, तर तो माणूस इथल्याच नोकरीसाठी तयार होतो.

वाटसरू

तळटीपचा शेवटचा मुद्दा मला पटला. रुजवणताईंचं उत्तरही पटलं, बव्हंशी. उद्दिष्ट एक आणि पुरावा वेगळा, हे परीक्षा मंडळापुढे मांडता येईल. मात्र बाहेरचा परीक्षक नेमताना ज्याने कमी साधनांच्या संस्थेत शिकवलं आहे असा एक तरी माणूस हवा. नाहीतर तो चार टेबलं बघून गुण कापणारच.

प्रबंधाचं काय करता? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त विद्यार्थी तिथे अडकतात.

रुजवण

बाहेरच्या परीक्षकाची सूचना मी तशीच्या तशी प्रस्तावात घालते आहे, वाटसरू.

प्रबंधाची माहिती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संस्थेतून गोळा व्हावी असं आम्ही ठरवलं आहे, पण त्यात मोठी अडचण आहे. संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीतिमत्ता समितीची परवानगी दोन ठिकाणी लागते, आमच्याकडे आणि तिकडे. तिकडची समिती कधी वर्षातून दोनदाच बसते. कधी समितीच नसते, आणि मग मंत्रालयातल्या कुणाची सही लागते. पूर्वी विद्यार्थी तिसऱ्या सत्रात अर्ज करायचा आणि चौथं सत्र वाट बघण्यात जायचं. आता पहिल्याच सत्रात विषय नक्की करून घेतो, आणि तिकडचा एक सहमार्गदर्शक घेतो. त्याचं नाव नुसतं कागदावर नसतं, महिन्यातून एकदा तिघं मिळून फोनवर बसतो.

दुसरी अडचण परत गेल्यानंतरची. जवळजवळ प्रत्येक जण सांगतो की पहिल्या महिन्यात वरिष्ठ म्हणाले, "तिकडचं तिकडे, इथे असं चालत नाही." त्यासाठी प्रवेशाच्या वेळीच संस्थेच्या प्रमुखांना पत्र जाईल. तुमच्या शाळेत कोणती एक गोष्ट बदलायला हवी असं तुम्हाला वाटतं, हे त्यांनी लिहायचं. विद्यार्थी त्याच गोष्टीवर काम करेल. प्रमुखांनी स्वतः मागितलेलं काम घेऊन माणूस परत गेला, तर दार उघडं असण्याची शक्यता जास्त.

विद्यार्थ्यालाही येण्याआधी सहा आठवडे एक पत्र जाईल. येताना आणायच्या गोष्टी: शाळेचं वेळापत्रक, मागच्या वर्षीची एक प्रश्नपत्रिका, वॉर्डातल्या लॉगबुकचं एक पान (रुग्णाचं नाव झाकून), तुमच्या देशात तुमच्या विद्यार्थ्यांना कायद्याने काय करता येतं त्याचा नियम, आणि तुम्ही वर्गात वापरता ती एक केस. पहिले दोन आठवडे वर्ग फक्त या कागदांवर चालेल. मसुदा तयार होत आला आहे. काही राहिलं असेल तर सांगा.

अनुस्वार

एक ओळ वाढवा, ताई. "तुमच्या शाळेत कोणती वस्तू आहे पण वापरात नाही, आणि का?"

आमच्या शाळेत बाळंतपण शिकवायचा मॅनिकिन (सरावासाठीचा माणसाच्या शरीराचा पुतळा) होता, देणगीत आलेला, चांगल्यापैकी महागडा. पाच वर्षं कपाटात कुलूपबंद. मोडला तर भरपाई ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या पगारातून, असा नियम होता. त्यामुळे कुणीच सही करून ताब्यात घेईना. परदेशात मला मॅनिकिनवर कसं शिकवावं याचा पूर्ण सत्राचा विषय होता आणि मला त्यात उत्तम श्रेणी मिळाली. परत आल्यावर पहिलं वर्ष मी कापडाची बाहुली आणि पुठ्ठ्याची ओटीपोटाची चौकट करून शिकवलं, आणि सोबत त्या नियमाबद्दल अर्ज करत राहिलो. दुसऱ्या वर्षी कुलूप उघडलं. तो अर्ज कसा लिहायचा, कुणाकडे न्यायचा, भरपाईची जबाबदारी एका माणसावरून शाळेवर कशी आणायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रुजवण

ओळ घातली. आणि तो अर्ज तुमच्याकडे अजून असेल तर नाव-गाव काढून मला पाठवाल का? मॅनिकिनच्या सत्रात पहिल्या तासाला तोच वाचायला देईन.